उलुकमनचे हातमोजे

सागिनच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती, अंगठा आणि त्याच्या शेजारचं, आणि पोटासाठी तो लोकांचे हातमोजे धुवायचा. यात हसण्यासारखं काहीतरी आहे हे कोचकोरच्या बाजारात आधी कुणातरी एकाला सुचलं, मग सगळ्या गावालाच सुचलं. बाकीची तीन बोटं तरुणपणी डोंगरावर राहिली. चुकलेल्या घोड्या शोधायला तो हिमवादळात वर गेला होता. ओढ्यात उजवा हातमोजा भिजला आणि तो तसाच घालून फिरला. घोड्या सापडल्या. "बोटं वर विसरलास काय रे?" असं कुणी विचारलं की तो म्हणे, "राखणीला ठेवलीत."

पुढे मेंढ्या गेल्या, मग काही वर्षं दारूत गेली, आणि बायको बातमा माहेरी जायच्या बेताला आली तेव्हा तिलेकने त्याला वाड्यावर बोलावलं. तिलेक उन्हाळ्यात परदेशी लोकांना मोटारसायकली भाड्याने देतो. डोंगरावर जूनमध्येही हिम पडतं, म्हणून गाडीबरोबर जाड अस्तराचे चामडी हातमोजेही देतो. माणसं परत येतात, फोटो काढतात, निघून जातात, आणि हातमोजे एका पेटीत जमा होतात. परदेशी माणसाचा घाम आपल्यापेक्षा काही वेगळा नसतो, हे त्या पेटीचं झाकण उघडलं की कळायचं. तिलेक झाकण उघडून देई आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभा राही.

आमच्याकडे पुरुष मेंढी सोलतो, घोडा खच्ची करतो, लाकूड फोडतो. कपडे धूत नाही. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात सागिनचं नाव पडलं 'वाड्यावरची सून'. सुनेचं कामही सुरुवातीला सुनेसारखंच चुकत गेलं. पहिली जोडी त्याने चुलीजवळ वाळवली, ती सुकलेल्या जर्दाळूसारखी आक्रसली. दुसऱ्या जोडीचं अस्तर बोटांतून ओढून बाहेर काढलं. ते पुन्हा आत गेलं नाही, आणि तो हातमोजा नंतर तिलेकच्या मांजरीने वापरला. तिसऱ्या जोडीला चामडं मऊ राहावं म्हणून मेंढीच्या शेपटीची चरबी चोळली, आजोबा लगामाला चोळायचे तशी. ती जोडी घालून गेलेल्या फ्रेंच माणसामागे तीन गावांची कुत्री लागली होती म्हणतात. दोन गावांची मी समजू शकतो.

पण हळूहळू त्याला ते जमलं. आधी कोरड्या ब्रशने माती झाडायची. मग कोमट पाण्यात थोडा लहान मुलांचा साबण, हातमोजा हातात घालायचा आणि हात धुवावेत तसाच तो हातावर धुवायचा. आत पाणी भरायचं, बोट बोट दाबत घाण काढायची, ओतायचं, पुन्हा भरायचं. पाणी आधी चहासारखं निघतं, मग फिक्या चहासारखं, मग पाण्यासारखं. पिळायचा नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा. बोटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत उभा करायचा, बोळे ओले झाले की बदलायचे. वाळल्यावर खायचा सोडा जुन्या पायमोज्यात बांधून आत ठेवायचा, आणि थंडीचे दिवस असतील तर बाहेर तारेवर लटकवायचा, कारण कडाक्याच्या थंडीत वासही गारठून मरतो. शेवटी लोखंडी तव्यात आर्चाच्या, म्हणजे डोंगरावरच्या सुवासिक झुडपाच्या, वाळक्या डहाळ्या पेटवून त्याची धुरी. आर्चाची धुरी आमच्याकडे घराला देतात, बाळाला देतात, आजाऱ्याला देतात. हातमोज्यांना देणारा सागिन पहिलाच. परदेशी लोक ते घालून हुंगत आणि हसत. तिलेकने त्याचा पगार वाढवला, मात्र सून म्हणणं सोडलं नाही.

या सगळ्या वर्षांत एकच जोडी अशी होती जिला सागिनचा हात लागला नव्हता. ती उलुकमनची.

उलुकमन तिलेककडचा पहिल्या गाडीचा माणूस. घाटात पाहुण्यांच्या पुढे तो असायचा, रस्ता बघत. पंचविशीचा, उंच, सदा काहीतरी चघळत असलेला. एका जर्मन म्हाताऱ्याने जाताना त्याला आपले हातमोजे दिले होते, काळे, कोपरापर्यंत येणारे, आत मेंढीच्या कोकरासारखं मऊ. ते त्याने घातले ते घातलेच. त्यांतच गाडी दुरुस्त करायची, त्यांतच सूर्यफुलाच्या बिया खायच्या, सिगरेट धरायची. सकाळी आईच्या भट्टीतले गरम नानही तो हातमोजे घालूनच वाड्यावर आणायचा. त्याची आई उमसुनाय बाजारात नान विकते. नवरा लवकर गेला, हा एकुलता एक.

सागिनला त्या हातमोज्यांचा त्रास होई. चांगल्या सुताराला कुरकुरणाऱ्या दाराचा होतो तसा. तो म्हणे, एकदा दे, संध्याकाळपर्यंत परत देतो. उलुकमन ते नाकाला लावून डोळे मिटत असे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत असे, "आके," थोरल्या माणसाला आमच्याकडे असंच हाकारतात, "यांना हात लावायचा नाही. हे माझं घर आहे. मी मेलो की धुवा."

वाड्यावर हशा पिके. सागिनही हसे.

नोव्हेंबरात दोलोनच्या घाटात एक बंद पडलेली गाडी आणायला उलुकमन गेला. परत येताना वळणावर बर्फाचा पातळ थर होता, काचेसारखा, दिसत नाही तो. पुढे कोळशाचा ट्रक उभा होता.

उमसुनायच्या अंगणात शोकाचा युर्त, नमद्याचा गोल तंबू, उभारला. बायका आत बसून रडगाणं गात होत्या, पुरुष बाहेर काठ्यांवर वाकून ओरडत रडत होते, आणि मग गावची रीतभात बघणाऱ्या म्हाताऱ्या कासिमआलीने अंघोळ घालणारे पाच जण निवडले. एक मामाकडचा, एक सोयऱ्यांकडचा, दोन भाऊबंद, आणि पाचवा शेजारी आणि कामावरचा म्हणून सागिन. "याचं रोजचंच काम आहे," असं म्हाताऱ्याने म्हटलं. तो चेष्टा करत नव्हता, पण ते ऐकून कुणाला तरी खोकला आला.

अंघोळ घालणाऱ्यांच्या हातांत पांढऱ्या कापडाच्या पिशव्या शिवून देतात, बोटं नसलेल्या. त्या पिशवीत सागिनचा उजवा हात इतरांसारखाच दिसत होता. त्याच्या वाट्याला हात आले. चेहरा दुसऱ्याने धुतला, आणि ज्याने धुतला तो नंतर बराच वेळ युर्तमागे उभा होता. हातांवर मात्र ओरखडाही नव्हता. उलुकमनचे हातमोजे काढावे लागले तेव्हा ते आतून अजून किंचित ओलसर होते.

अंघोळ घालणाऱ्यांना मेलेल्याचे कपडे वाटून देतात, अशी रीत आहे. तो वाटा नाकारायचा नाही, विकायचा नाही, परत द्यायचा नाही. वापरायचा. कोट मामाकडच्याला गेला, बूट सोयऱ्याला, टोपी आणि स्वेटर भाऊबंदांना. हातमोजे कासिमआलीने सागिनच्या हातात ठेवले. कुणीतरी मागून पुटपुटलं की तीन बोटं नवीकोरी राहतील. ते कुणी मनावर घेतलं नाही; अशा दिवशी लोकांच्या तोंडून काहीही निघतं.

घरी आल्यावर सागिनने कोट काढला नाही, चहा घेतला नाही. त्याने पाणी कोमट केलं. बातमाने विचारलं काय करताय, तेव्हा त्याने पाण्यात साबण टाकला. त्याने आधी उजवा हातमोजा घेतला, मग डावा, सकाळी अंघोळ घालताना हात घेतले होते त्याच क्रमाने. बोट बोट दाबत, पाणी ओतत, पुन्हा भरत. इतकं काळं पाणी त्याने कधी काढलं नव्हतं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत तो रडत होता, आणि बातमाने मग बादल्या भरून द्यायला सुरुवात केली. त्या आठवड्यात बोळे बदलले, सोडा भरला, बाहेर तारेवर लटकवले, आर्चाची धुरी दिली. आयुष्यात इतकं चांगलं काम त्याच्या हातून झालं नव्हतं. नाक आत खुपसलं तरी फक्त चामडं आणि धूर.

मेल्यानंतरचा चाळिसावा दिवस झाला. घोडा कापला, लोक जेवून गेले. दुसऱ्या दिवसापासून उमसुनाय घरोघर जाऊ लागली.

ती आधी मामाकडच्याकडे गेली. म्हणाली, कोट बघायचाय. त्याच्या सुनेने कोट धुऊन, इस्त्री करून, तुटलेलं बटण लावून ठेवला होता. तिने तो अभिमानाने आणून दाखवला. उमसुनायने कॉलर नाकाला लावली आणि परत दिला. बूट तेल लावून चकचकीत केलेले होते. स्वेटर धुतला होता, टोपी धुतली होती. प्रत्येक घरात तिला चहा मिळाला आणि प्रत्येक घरात तिला सांगितलं की बघा, किती जपलंय. शेवटच्या घरात ती उठता उठता कुणीतरी तिला थोरल्या बहिणीसारखं म्हणालं, सागिनकडे जा एजे. ते हातमोजे तर उलुकमनने जन्मात धुऊ दिले नव्हते. आतलं अस्तर असं की वास हाडात बसतो.

तिने बाजारात बातमाला निरोप दिला, उद्या दुपारी येते. "हातमोज्यांत हात घालीन आणि जाईन," असं ती म्हणाली, एवढंच.

बातमाने घरी येऊन ते सांगितलं, उमसुनाय घरोघर कपडे कशी हुंगते तेही सांगितलं, आणि पीठ मळायला बसली. सागिनने कोट चढवला. मग हातमोजे घेतले आणि वाड्यावर गेला.

शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उलुकमनची मोडकी गाडी होती. तिलेकला ती विकवत नव्हती आणि बघवतही नव्हती. सागिनने ताडपत्री उचलली, हातमोजे घातले आणि हँडलच्या मुठी घट्ट धरल्या. चोळल्या. मग टाकीचं झाकण काढून बोटं पेट्रोलने जरा ओली केली. दुकानातून उलुकमन ओढायचा ती सिगरेट आणली आणि आत धूर फुंकला. दोन झुरक्यांतच त्याला ठसका लागला, कारण सोडून बरीच वर्षं झाली होती. सूर्यफुलाच्या बिया सोलून टरफलं आत खळखळवली. तिलेक दारातून हे सगळं बघत होता. एरवी त्याने बाजारभर सांगितलं असतं. तो काही न बोलता आत गेला आणि उलुकमनचं वंगण पुसायचं फडकं शोधून आणून दिलं.

घाम तेवढा राहिला. घाम कुठून आणायचा? घरी येऊन सागिनने हातमोजे घालून लाकडं फोडली. शेजारची माणसं कुंपणावरून बघत होती, एवढ्या थंडीत हा घामाघूम होऊन आठवडाभराची लाकडं एका दुपारी का फोडतोय म्हणून. शेवटी त्याने बातमाने बाजारातून आणलेला उमसुनायचा नान चुलीवर गरम केला आणि हातमोज्यांच्या तळव्यांत दाबून धरला.

बातमा दारात उभी होती. "अहो," ती म्हणाली, "मेलेल्याचा स्वयंपाक करताय का?"

त्याने हातमोजे तिच्यापुढे धरले. तिने वास घेतला. "हा वास माझ्या ओळखीचा आहे," ती म्हणाली. "हा तुमचा."

"तिला काय कळणार आहे," सागिन म्हणाला.

बातमाला चार मुलं झालेली. तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

उमसुनाय आली ती काळा रुमाल घट्ट बांधून, जणू लांबच्या प्रवासाला निघाली होती. बातमाने चहा ओतला, मुरांबा ठेवला, नान फोडला. उमसुनायने रीतीपुरता नानाचा तुकडा तोंडात टाकला. थंडीबद्दल बोलणं झालं, कोळशाबद्दल झालं. सागिनला वाटलं ती कदाचित विचारणारच नाही. मग तिने चहाची वाटी, आता पुरे म्हणून, उपडी ठेवली आणि हात पुढे केला.

त्याने हातमोजे आणले. तिने उजवा घेतला, आत हात घातला नाही, आधी तोंडाजवळ नेला. डोळे मिटले.  सागिन तिच्या नाकपुड्यांकडे बघत होता. मग तिने डावा घेतला. मग दोन्ही मांडीवर ठेवले आणि तळव्याने सरळ केले, पिठाचा गोळा सारखा करावा तसे.

"पेट्रोल आहे," ती म्हणाली. "सिगरेट आहे. माझाच नान आहे." तिने बोटांची टोकं चाचपली. "यात माझा मुलगा कुठाय, सागिन?"

सागिनने तोंड उघडलं. 'मी मेलो की धुवा, असं तोच म्हणायचा,' हे वाक्य त्याच्या जिभेवर होतं. वाड्यावरची दहा माणसं साक्षीला होती. त्याने ते गिळलं.

"मी धुतले, एजे."

"कधी?"

"त्याच दिवशी."

बातमा किटलीकडे वळली, जिच्यात पाणी पुरेसं होतं.

उमसुनाय ओरडली नाही. तिने मान हलवली, जणू बाजारात कुणी सांगावं की आज पीठ आलं नाही. मग सांगू लागली, सागिनला नाही, समोरच्या वाटीला. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच त्याचं अंथरूण धुतलं होतं. उशीचा अभ्रा, रजई, भिंतीवर टांगलेला सदरा, सगळं. घराला आर्चाची धुरी दिली होती, कोपरान् कोपरा. शेजारणी म्हणाल्या, छान केलंस, घर कसं स्वच्छ झालं. तेव्हा तिला काही कळलं नव्हतं. पंधरा दिवसांनी एका सकाळी ती त्याच्या उशीवर डोकं ठेवायला गेली, आणि उशीला साबणाचा वास होता.

"एवढी माणसं," ती म्हणाली, "आणि सगळ्यांनी जीव लावून धुतलं."

 तिने हातमोजा उचलून पुन्हा ठेवला.

"त्याला अंघोळ घालताना त्याचे हात कुणी धुतले?"

ही गोष्ट विचारत नाहीत. अंघोळ घालणारा आत जे बघतो ते आतच ठेवतो, आईलाही सांगत नाही. तशी रीत आहे आणि ती चांगलीच आहे. सागिनने बातमाकडे बघितलं. बातमाची त्याच्याकडे पाठ होती.

"मी," तो म्हणाला.

"सांग."

"एजे, ते सांगत नसतात."

"चेहरा सांगू नकोस. चेहरा मी विचारलेला नाही. हात सांग."

मग त्याने सांगितलं. आधी उजवा. मुठी आवळलेल्या होत्या, मुठीत हँडल असावं तशा; एकेक बोट कोमट पाण्याने सोडवावं लागलं. करंगळी आधी सुटली, अंगठा सगळ्यांत शेवटी. नखांत वंगण होतं, ते सगळं निघालं नाही, थोडं तसंच गेलं. तळव्यावर घट्टे होते. ओरखडा नव्हता. एकही नव्हता. डाव्या मनगटावर भाजल्याची जुनी खूण होती.

"माझ्या भट्टीची," उमसुनाय म्हणाली. "सात वर्षांचा होता."

"गरम होते का हात?" तिने मग विचारलं.

सागिनला इथे खोटं बोलता आलं असतं. चाळीस किलोमीटर घाटातून कोळशाच्या ट्रकमध्ये आणलेल्या माणसाचे हात गरम नसतात, हे तिलाही माहीत होतं. पण कालपासून त्याने बरंच खोटं शिजवून बघितलं होतं आणि ते कुणालाच पचलं नव्हतं.

"नाही, एजे. पण हातमोज्यांत जरा ओल होती. आतून. त्याची."

"ती ओल तू ओतून टाकलीस."

"हो."

ती उठली. बातमाने तिला कोट घालायला मदत केली. सागिनने हातमोजे पुढे केले. वाटा परत देत नाहीत हे त्याला ठाऊक होतं, तरी केले. तिने ते त्याच्याच छातीवर दाबले.

"घाल," ती म्हणाली. "पेटीत ठेवलेस तर मला कळेल. इथून पुढे यांना तुझाच वास येईल, येऊ दे. पण पुन्हा धुऊ नकोस."

दारापर्यंत जाऊन ती वळली. "छान धुतलेस पण," असं म्हणाली. टोमणा होता की नव्हता, हे बातमा आणि सागिन यांचं अजून ठरलेलं नाही.

सागिन अजून तिलेककडेच आहे. पेटी उघडतो, कोमट पाणी करतो, बोट बोट दाबतो. पूर्वी हातमोजा धुण्याआधी तो नाक वळवायचा. आता आधी एकदा आत नाक घालून नीट वास घेतो, मग पाण्यात बुडवतो. तिलेक म्हणतो, सुनेला डोहाळे लागलेत.

आणि हिवाळाभर तो ते काळे हातमोजे घालतो. त्याने ते पुन्हा धुतलेले नाहीत. उजव्याची तीन बोटं रिकामी, पुढे लोंबत असतात, वारा आला की हलतात. घर ते वाडा एकच रस्ता, आणि तो उमसुनायच्या भट्टीवरून जातो. ती समोरून येणाऱ्याच्या तोंडाकडे आधी बघत नाही, हाताकडे बघते. ती लोंबणारी रिकामी बोटं तिच्या नजरेला पडू नयेत म्हणून भट्टी दिसायला लागली की सागिन दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबतो, आणि ती मागे पडेपर्यंत बाहेर काढत नाही. आमच्या बाजारातली पोरंटोरं हसतात, कोपरापर्यंत हातमोजे घालून वर पुन्हा हात खिशात घालणारा माणूस जगात दुसरा कुठे असेल म्हणून. खरंच आहे. दुसरा नसेल.